सहाशे अठरा दिवस

काल कूलर बाहेर काढला. वर्षभर बाल्कनीच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली उभा होता. चादर ओढली तशी धूळ उडाली, आणि मागच्या जाळीतल्या खसेला हात लावताच तिचा भुगा झाला. खसेच्या नव्या ताट्या आणायच्या, पंप चालतो का पाहायचं, टाकीतला गाळ काढायचा. पूर्वी हे सगळं तुमचे आबा करायचे, मी फक्त यादी करून द्यायचे. आता यादी माझी आणि कामही माझंच. संध्याकाळी उरल्यासुरल्या जुन्या खसेवर तांब्याने पाणी मारलं, तिचा ओला वास खोलीभर झाला, आणि दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा अंगात परत आला. आधी मान दुखू लागली, मग डोळे चुरचुरले. आठवण नंतर आली.

इरा, निहार, तुमच्याकडे मेलबर्नला आता स्वेटर निघत असतील. इथे नागपुरात, मनीषनगरात, अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. भाजीवाला साडेसातलाच येऊन जातो. मग दिवसभर घर बंद, पडदे ओढलेले आणि कूलरचा एकसुरी आवाज. या आवाजात मी तो सबंध उन्हाळा लॅपटॉपसमोर काढला. तुम्हाला जे पुस्तक टॅबवर उघडता येतं, ते असं झालं. त्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा का येते, असं निहारने मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं. तेव्हा मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती.

आबांच्या सात जाड वह्या आहेत. शेती खात्यात नोकरी लागली त्या दिवसापासून ते रोज लिहीत. आधी कुही, मग पारशिवनी, मग पुन्हा कुही. पाऊस किती, भाताची रोवणी कुठवर आली, कोणाच्या बांधीत तुडतुडा नावाची कीड लागली, कोणी काय विचारलं. निवृत्तीनंतर सीताबर्डीवरच्या एका टायपिंगवाल्याकडून त्यांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. छापायच्या राहिल्या. आबा गेले, टायपिंगवाल्याचं दुकानही गेलं. माझ्याकडे एक सीडी उरली आणि ज्या फाँटात तो मजकूर होता तो फाँट ओळखणारं यंत्र कुठे उरलं नव्हतं. फाइल उघडली की पडद्यावर डॉलरची चिन्हं, टिंबं, उलटे कंस. तीस वर्षं हा माणूस चिखल तुडवत फिरला, त्याचं हे झालं होतं.

ते तसंच राहिलं असतं. पण आबांच्या मोठ्या बहिणीचे, तुमच्या ताईआजीचे, डोळे जायला लागले.

ताई कुहीला मुलाकडे राहतात. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याच्या मधोमध डाग वाढत होता. डॉक्टर म्हणाले, अक्षर मोठं असेल तर पावसाळ्यापर्यंत वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही. हे कळल्यावर ताईंनी एकच गोष्ट मागितली. भावाच्या वह्या. मी म्हटलं, ताई, मी येते दर आठवड्याला, वाचून दाखवते.

"मले वाचून दाखवू नको," त्या म्हणाल्या. "कानानं ऐकाले घरी रेडिओ आहे. माह्या भावानं मले वाचाले शिकवलं. त्याचं लिहिलेलं मी दुसऱ्याच्या तोंडून काहून ऐकू?"

त्यांना शाळेत घातलं नव्हतं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्या धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, शाळेपर्यंत सोडायला जायच्या आणि सुटेपर्यंत बाहेर बसून राहायच्या. परत येताना तो त्यांना पाटीवर अक्षरं काढून दाखवायचा. एवढं मला माहीत होतं.

वहीतलं आबांचं बारीक अक्षर त्यांना दिसणं शक्य नव्हतं. छापील पुस्तकाचं अक्षर वाढत नाही. ई-पुस्तकाचं वाढतं. म्हणून मी फाल्गुनात इराला फोन केला आणि म्हटलं, मला हे शिकव.

मी मिशनच्या शाळेत इंग्रजीत शिकले आणि एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं केली. नेमकेपणाची मला भीती वाटत नाही, उलट तोच माझा विसावा. त्यामुळे इराने जेव्हा सांगितलं की पुस्तकाच्या आत प्रत्येक परिच्छेदाच्या आधी एक खूण आणि शेवटी एक खूण असते, आणि ती दिसावी कशी हे वेगळ्या कागदावर लिहायचं असतं, तेव्हा मला ते कार्डांच्या ड्रॉवरसारखंच वाटलं. एका संकेतस्थळावर चार-चार पानं चिकटवून मी जुना मजकूर नव्या लिपीत आणला. तो आला, पण मोडका. मधेच पानांचे आकडे, प्रत्येक ओळ तुटलेली, रफार भलत्या अक्षरावर. हे एकेक करून दुरुस्त करायला माझं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं. मग इराने मला शोधा-आणि-बदला शिकवलं. साधं नाही, नमुना देऊन शोधायचं ते.

"डॉट म्हणजे कुठलंही अक्षर, स्टार म्हणजे कितीही वेळा," ती म्हणाली. "पण जपून, आजी. दोन्ही एकत्र आले की हावरट होतात. मिळेल तिथपर्यंत खात जातात. मागे प्रश्नचिन्ह टाकलंस की पहिल्या घासाला थांबतात."

"आजी हॅकर झाली," निहार मागून ओरडला.

"हॅकर नाही, मोलकरीण," मी म्हटलं. "झाडू बदलला, एवढंच."

पण खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती. सकाळी पाचला उठायचं, चहा, मग नऊपर्यंत एक बैठक. दुपारी पन्हं पिऊन दुसरी. एक नमुना लिहायचा, बटण दाबायचं, आणि खाली आकडा यायचा की इतक्या जागी बदल केला. पानांचे आकडे गेले. तुटलेल्या ओळी जुळल्या. तारखांना मी छान बारीक राखाडी अक्षर दिलं, उजवीकडे सरकवलं. अक्षराचा आकार पक्का ठरवून टाकला. इराने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आकार बांधून टाकला तर तो वाढणार कसा, आणि ज्या बाईला दिसत नाही तिला राखाडी अक्षर देतेस? मी निमूटपणे सगळं काळं केलं. नजरेला सुबक दिसणं आणि नजरेला दिसणं यांत फरक असतो, हे मला त्या वयात कळलं.

एप्रिल संपता संपता एक गोष्ट डोळ्यांत खुपत राहिली. वह्यांमधून जागोजाग एक तारीख आणि तिच्याखाली एवढंच: "आज विशेष काही नाही." कधी एकटं, कधी ओळीने चार दिवस. तेच चार शब्द, तोच पूर्णविराम. कार्डं करणाऱ्या बाईला ही पुनरुक्ती सहन होईना.

आणि दुसरंही एक कारण होतं, ते आज लिहून टाकते. ग्रंथालयातल्या माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची तारीख मी पाचव्या वहीत शोधली होती. आदल्या संध्याकाळी आबा पारशिवनीहून मुद्दाम आले होते, सकाळी मला फाटकापर्यंत सोडायला आले होते. त्या तारखेखाली काय होतं? आज विशेष काही नाही. मी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ कोथिंबीर निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुना लिहिला. कुठलीही तारीख, तिच्यानंतर ते चार शब्द, पूर्णविराम. बदला: काही नाही. बटण दाबलं. सहाशे अठरा जागी बदल केला, असं खाली आलं. पुस्तक कसं सडसडीत झालं. मी फाइल ठेवली आणि जुनी प्रत पुसून टाकली. नवं कार्ड लागलं की जुनं तिथल्या तिथे फाडायचं, म्हणजे घोटाळा होत नाही, असं मी ग्रंथालयात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला शिकवलं होतं.

मेच्या मध्यावर सकाळच्या बसने मी टॅब घेऊन कुहीला गेले. ताई ओसरीत बसल्या होत्या. त्यांनी टॅब डाव्या बाजूला धरला, मान पाखरासारखी तिरकी केली, कारण समोर पाहिलं की डाग आडवा येतो, कडेने पाहिलं तर दिसतं. वाचू लागल्या. ओठ हलत होते. एक नोंद, दुसरी, तिसरी. माझ्याकडे न पाहता त्यांनी हात वर केला, म्हणजे दिसतंय. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी पाणी प्यायला आत गेले.

परत आले तर टॅब मांडीवर उपडा होता.

"तीन तारखेच्या मांगून एकदम आठ कशी आली वं? मधले दिवस कुठं गेले?"

"त्या दिवशी काही नव्हतं, ताई. नुसतं आज विशेष काही नाही, एवढंच. म्हणून मी..."

"काढलं?"

"हो."

"का नडून राहिलं होतं तुले ते?"

सुनेने आतून चहा आणून ठेवला. ताईंनी तो बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"लई मोठे मोठे शब्द आहेत याच्यात. तुडतुडा, अनुदान. डोये दुखते. मी म्हटलं, मंधी मंधी माही ओळ येईन, तिथं थोडं बसीन, मंग पुढं जाईन."

"तुमची ओळ?"

"माहीच. पयली शिकली ते." त्यांनी बोटाने हवेत काहीतरी गिरवलं. "मास्तरनं रोज का झालं ते लिहाले सांगतलं होतं. हा धुऱ्यावर बसून पाटीवर लिहे. मी म्हटलं, मलेही लिहू दे. तर मले हेच शिकवलं. म्हने, ज्या दिवशी घरात मार नाही, भांडन नाही, कोनी आजारी नाही, त्या दिवशी हे लिहायचं. मंग मी रोज वाट पाहो, आज लिहाले भेटते का म्हून. आमच्या घरात लई कमी भेटे."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "ते ओळ मले डोये मिटूनही दिसते. तेवढीच आता धड दिसते. अन् तू तेच झाडून टाकली."

बसमध्ये परतताना गरम वारा तोंडावर येत होता, सगळ्यांनी दुपट्टे बांधले होते. मीही बांधला. त्याच्या आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही, ही उन्हाळ्याची एक सोय आहे. पाचव्या वहीतली ती तारीख माझ्या डोक्यात होती. नोकरीचा पहिला दिवस. घरात मार नाही, भांडण नाही, कोणी आजारी नाही.

घरी येऊन इराला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला तो बॅकअपचा.

"नाही," मी म्हटलं.

"ओरिजिनल सीडी?"

ओरिजिनल सीडी बाल्कनीत सुतळीला टांगलेली होती, कबुतरं येऊ नयेत म्हणून. नागपूरचं ऊन तिच्यावर दोन महिने पडलं होतं. मी ती काढून आणली तर वरचा चंदेरी थर नखाला लागून निघाला. मी ती फोनसमोर धरली, इराने पाहिली. मग माझ्यावर दया येऊन म्हणाली, "ठीक आहे, आजी. सोपं आहे. मी एक छोटा कोड लिहिते. ज्या ज्या तारखा मधून गायब आहेत, त्या सगळ्या तो शोधेल आणि प्रत्येकीखाली ती ओळ टाकेल. पाच मिनिटं."

पाच मिनिटं. मी इतकी थकले होते की मला ते देवाचं बोलणं वाटलं. नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला आठवडा उरला होता, मानेला पट्टा लागला होता, आणि ताईंचा डोळा कोणासाठी थांबणार नव्हता. मी हो म्हटलं. फक्त सवयीने, कार्ड लावण्याआधी पुस्तक एकदा हातात घ्यायचं असतं म्हणून, कपाटातून तिसरी वही काढली आणि मधूनच उघडली. एका तारखेनंतर एकदम पंधरा दिवसांनंतरची तारीख. मधे आज विशेष काही नाहीसुद्धा नाही. कोरी जागाही नाही. आषाढातले दिवस, ऐन रोवणीचे. आमच्या लग्नाच्या आधीचा काळ, त्यामुळे मला कारण माहीत नव्हतं. आजारी असतील, असं वाटलं.

"इरा, थांब. काही दिवस त्यांनी लिहिलेलेच नाहीत."

"मग? तिथेही तीच ओळ येईल. कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "पण कोड नको लिहूस."

त्या उन्हाळ्याचं बाकीचं सांगण्यासारखं काही नाही. डावीकडे वही, उजवीकडे लॅपटॉप, मधे भिंग. वहीत बोट ठेवून खाली खाली सरकायचं. ती ओळ आली की पडद्यावर तिची जागा शोधायची, तारीख लिहायची, खूण उघडायची, चार शब्द, पूर्णविराम, खूण बंद करायची. चिकटवता आलं असतं. पहिल्या दिवशी चिकटवलं. मग एकदा चुकून ते भलत्या तारखेखाली गेलं, तेव्हापासून प्रत्येक ओळ हाताने टंकली. नवतप्याच्या दुपारी वीज गेली की कूलर बंद, खोलीची भट्टी, आणि मी ओला पंचा डोक्यावर घेऊन बॅटरी संपेपर्यंत बसलेली. घाम भिंगावर पडायचा. कधी कधी वाटायचं, सहाशे अठरा वेळा काही झालं नाही हे लिहिणाऱ्या जगातल्या आपण एकट्याच. एका दुपारी कंटाळून मी आबांच्या फोटोकडे पाहून म्हटलं, निदान एखाद्या दिवशी शब्द तरी बदलायचा होता. पाचव्या वहीपर्यंत मी पोहोचले नाही. ताईंच्या मुलाचा फोन आला, आता आणा, म्हणाला, आई जेवताना ताटात हाताने चाचपडते.

चार वह्या झाल्या होत्या. मृग लागला होता, पाऊस नव्हता. मी गेले.

ताईंना आता सगळ्यात मोठा आकार लागत होता. त्या आकारात पडद्यावर एक ओळ मावायची, जेमतेम. मोठी नोंद असेल तर सात-आठदा पान सरकवावं लागे, त्यांचा श्वास लागे. मग ती ओळ यायची आणि चेहरा सैल व्हायचा. तारीख, ओळ. सरकव. तारीख, ओळ. सरकव.

"चार दिवस लागून," त्या म्हणाल्या. "सुखात होता लेकाचा."

मी दोन आठवडे राहिले. निघायच्या आदल्या सकाळी त्या तिसऱ्या वहीत पोहोचल्या. एका तारखेवर बोट थांबलं. मागे सरकवलं, पुन्हा पुढे सरकवलं.

"हे तू काढलं?"

"नाही, ताई. वहीतच नाही. मी पान पाहिलं. त्यांनी तारीखही टाकलेली नाही."

त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. उताणा. उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता.

"नसनच," त्या म्हणाल्या. "तो इथंच होता, याच ओसरीत. आमचे मालक गेले तवा. पंधरा दिवस त्यानं पेन हाती धरला नाही. मंग मीच म्हटलं, जा बाप्पा आता, लोकायची रोवणी थांबून राहिली."

इराच्या कोडने त्या पंधरा तारखांखाली पंधरा वेळा काय लिहिलं असतं, ते माझ्या मनात आलं आणि मी पाण्याचा पेला उचलला. ताईंनी पान सरकवलं. पुढच्या नोंदीत आबांनी लिहिलं होतं, परत आलो, रोवणी सुरू. त्या ते शब्द जोडून वाचायला बराच वेळ घेत होत्या.

चौथी वही त्यांनी आपल्या डोळ्यांनी संपवली. पाचवी संपली नाही. श्रावणात डाग सगळीकडे पसरला. टॅब स्वतः मोठ्याने वाचतो, ते इराने फोनवरून लावून दिलं. दोन मिनिटं ऐकून ताई म्हणाल्या, "त्या बाईले गप कर. तिले काहीच घेनंदेनं नाही." मग थोड्या वेळाने, "तूच वाच. पन दिवस गाळू नको."

म्हणून निहार, ती ओळ पुन्हा पुन्हा येते. आणि म्हणूनच या वर्षीही कूलर लागला की माझी बैठक सुरू होईल. पाचवी झाली, सहावी अर्धी आहे, सातवी राहिली आहे. डोळे माझेही आता लवकर थकतात, आणि हे पुस्तक डोळ्यांनी वाचणारं तिकडे कुही-मांढळच्या बाजूला कोणी उरलेलं नाही. तुम्ही वाचाल तर कंटाळाल, तेही मला ठाऊक आहे. पान लवकर सरकवा, हरकत नाही. काढून टाकू नका.

जुन्या प्रती मी आता पुसत नाही. तीन ठिकाणी ठेवते, एक इराकडे.

रोज पाचच्या सुमारास ताईंची सून फोन लावून त्यांच्या कानाशी धरते. मी वहीतलं पुढचं वाचून दाखवते, दोन नोंदी, कधी तीन. वाचून झालं की त्या विचारतात, "अन् तुह्याकडे आज का झालं वं?"

काल मी कूलर काढला होता, कंबर धरली होती, पंप चालत नव्हता, ताट्या परवावर गेल्या होत्या. मी म्हटलं, "आज विशेष काही नाही, ताई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि सुनेला फोन ठेवायला सांगितला.